नवी किडनी बसवली, पण क्रिएटिनिन उतरेना? या चुका टाळा

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा. ते उतरेना किंवा लघवीची पिशवी रिकामी दिसली की नातेवाइकांच्या तोंडी पहिला शब्द येतो ‘रिजेक्शन’, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं. तिथेच घोटाळा होतो. वॉर्डात आधी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी बघतात. नळी पलंगाच्या कठड्यात दुमडलेली असते, नाहीतर आत रक्ताची गुठळी अडकलेली. सिस्टरनी सलाइनने धुतली की पिशवी भरू लागते. (आपण नळीला हात लावायचा नाही, हाक मारायची.) गुठळी किडनीच्या रक्तवाहिनीत असेल तर मात्र खेळ तासांचा, म्हणून रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी लगेच होते.

मेंदूमृत दात्याची किडनी काही तास बर्फात राहून येते. ती कधीकधी ‘झोपलेली’ असते आणि पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागतं. म्हणून ती वाया गेली असं नाही, बहुतेक किडन्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाग्या होतात. उलट रुग्णाच्या स्वतःच्या जुन्या किडन्या अजून लघवी करत असतील तर भरलेली पिशवीही फसवते, नवी चालतेय असं वाटतं.

घरी आल्यावरची मोठी चूक टॅक्रोलिमसची, म्हणजे रिजेक्शन रोखणाऱ्या गोळीची. तिची रक्तातली लेव्हल तपासायची ती रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. सवयीने चहाबरोबर गोळी गिळून लॅबला गेलात की आकडा फुगतो, डोस उगाच कमी होतो आणि रिजेक्शनला वाट मिळते. आमच्या मेव्हण्यांनी हे दोनदा केलं. दुसऱ्यांदा हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर ताई चिडल्याच. गोळी खिशात न्या, रक्त दिलं की घ्या.

क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) ही लेव्हल चढवतात, टीबीचं रिफॅम्पिसिन पार खाली आणतं. फॅमिली डॉक्टरांना हे आपणच सांगायचं. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. जुलाबात अंगातलं पाणी घटतं, वर टॅक्रोलिमसही वाढतं, तेव्हा त्याच दिवशी फोन करा.

आता बायॉप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं. सुईच्या भीतीने पुष्कळ जण ‘चार दिवस थांबू’ म्हणतात. पण रिजेक्शन असो की औषधाचा त्रास, क्रिएटिनिन दोन्हीत सारखंच चढतं. उपचार मात्र उलटे: एकात औषधांचा जोर वाढवायचा, दुसऱ्यात टॅक्रोलिमस कमी करायचं. तुकडा तपासल्याशिवाय बहुधा नक्की कळत नाही.

आणि हो, मूत्रनलिकेत डीजे स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) घातला असेल तर काढायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. राहून गेला तर पुन्हा इन्फेक्शन, पुन्हा अडथळा.