दोन राखी धनेश कसे ओळखायचे

आधी चोच बघा. वर छोटं टोकदार शिंग असेल तर तो राखी धनेश (हॉर्नबिल) पक्षी. कोल्हापुरात वडा-पिंपळाची फळं पिकली की मी याच्यासाठीच मान वर करून फिरतो. शिंग नसलेली, पिवळसर-केशरी चोच म्हणजे मलबारी राखी धनेश. त्यासाठी राधानगरी-दाजीपूरचं जंगल गाठा. तिथं कान आधी लावा, कुणी खदाखदा हसावं तसा आवाज येतो.

दोघांचा वंश (जीनस) एकच, ओसिसेरॉस. पण पहिला भारताच्या बऱ्याच भागात, नेपाळातही दिसतो, म्हणून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘कमी चिंतेचा’. दुसरा जगात फक्त पश्चिम घाटात. त्याच यादीत तो ‘असुरक्षित’. ढोलीची जुनी झाडं तुटली की दोघांचीही वीण अडते, म्हणून पक्ष्याच्या नोंदीत झाडही लिहाच.