नाकानो ब्रॉडवे वरून खाली फिरा
तोक्योत शिंजुकूहून चुओ लाइनने नाकानोला उतरलं, की सनमॉलच्या छताखालच्या बाजारातून सरळ नाकानो ब्रॉडवे या दुकानांच्या इमारतीत शिरता येतं. ही इमारत १९६६ची. इथला सरकता जिना पहिल्या मजल्यावरून थेट तिसऱ्यावर नेतो, दुसरा चक्क गाळून! (जपानमधला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला, हेही ध्यानात ठेवा.) त्यामुळे आधी चौथ्यावर जा आणि साध्या जिन्याने एकेक मजला उतरत या. मांदाराके या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानसाखळीची दुकानं मजल्यामजल्यावर विखुरलेली आहेत. कुठे जुनी मांगा (जपानी कॉमिक्स), कुठे पत्र्याची खेळणी. सकाळी घाई करू नका, बरीच शटर्स दुपारी बाराच्या सुमारास उघडतात, बुधवारी तर काही बंदच. तळघरात डेली चिकोचं आठ थरांचं सॉफ्टी मिळतं. दोघांत एक घ्या, भराभर वितळतं.