टेंडरमधून बाद झालात? आधी आवक शिक्का, मग वकील

सिंहस्थाची कामं निघाल्यापासून नाशकात ‘आपण कोर्टात जाऊ’ हे वाक्य चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. जा, पण उशीर करू नका. तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दर उघडण्याआधीच्या पात्रता तपासणीत, बाद झालात तर त्याच दिवशी महाटेंडर्स या सरकारी ई-निविदा संकेतस्थळावरून निकालाचं पान तारखेसकट उतरवून घ्या. लेखी हरकत द्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ याला कोर्टात शून्य किंमत.

नाशिकची रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्धची याचिका, मुंबईला, उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाकडे जाते, औरंगाबाद खंडपीठाकडे नाही. ‘माझा दर कमी होता’ एवढ्यावर भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या टाटा सेल्युलर निकालापासून कोर्ट निर्णयापेक्षा निर्णयाची पद्धत तपासतं: अट ऐनवेळी बदलली का, एकाला सूट आणि दुसऱ्याला नियम असं झालं का. तेवढंच नेमकं मांडा.

कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) निघून खडी पडली की स्थगिती मिळणं फार अवघड. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा पायाभूत कामांना स्थगिती देताना हात आखडता घ्यायला सांगितलंय.