कॅप लावण्याआधी मीटर लावा

लग्नसराई आली की दारव्ह्यातल्या माझ्या दुकानात पोट्टे एकच मागणं घेऊन येतात: "ठोक्याले हेडलाइट डोळा मारते, एक फॅरडची कॅप बसवून देजो भाऊ." कॅप म्हणजे कपॅसिटर, गाडीतल्या म्युझिक सिस्टीमच्या अ‍ॅम्पला (अ‍ॅम्प्लिफायरला) झटक्यात वीज पुरवणारा साठा; फॅरड हे त्याचं माप. कॅप मी विकतो, पण आधी मीटर लावतो.

इंजिन चालू ठेवून जोरात बेस वाजवा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन जागी मोजा, बॅटरीवर आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर. बॅटरीवर १३.८ आणि अ‍ॅम्पवर १२.२ दिसलं, तर दीडेक व्होल्ट वाटेत खाल्ला जातोय. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा अर्थच (मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात तो जोड) खराब निघतो, कारण रंगावरच स्क्रू आवळलेला असतो. पत्रा चकाकेपर्यंत घासा, मग थिंबळ (वायरच्या टोकाची कडी) आवळा. वायरही ब्लेडनं खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे. तेवढ्याच जाडीत ती तांब्याइतका करंट वाहत नाही.

दोन्हीकडे व्होल्टेज सारखंच पडतं आणि गाणं थांबेपर्यंत वर येत नाही? मग अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) पुरत नाही, नाहीतर बॅटरी थकली. तिथं कॅपचे पैसे वाया. हिशेबच पाहा ना: १४ वरून १२ व्होल्टवर येताना एक फॅरड कॅप २६ ज्यूल देते. १००० वॅट ओढणाऱ्या अ‍ॅम्पला ते सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग पुरतात. एका ठोक्याचा धक्का झेलला, संपलं. पुन्हा भरायला करंट त्याच अल्टरनेटरकडून घ्यायचा.

बाकी सगळं ठीक असून फक्त ठोक्याला लाइट मिचकत असेल, तर खुशाल लावा. १००० वॅटला एक फॅरड असा अंदाज धरतात, पण वॅट आरएमएस, म्हणजे अ‍ॅम्प सतत देऊ शकतो ते, धरा. डब्यावरचे ३००० सोडा, ते डब्यापुरतेच असतात.

कॅप अ‍ॅम्पपासून फूट-दीड फुटात हवी. मागच्या काचेखाली मात्र नको. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतं, बंद गाडीत त्याहून जास्त, आणि उष्णतेनं कॅप लवकर मरते.

आता जपून. रिकामी कॅप थेट जोडली तर मोठी ठिणगी उडते आणि फ्यूजही जाऊ शकतो. आधी मायनस अर्थला जोडा. मग प्लसची वायर आणि कॅपचं प्लस यांच्यामध्ये इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब धरा. बल्ब भक्क पेटेल आणि मंद होत विझेल. विझला म्हणजे कॅप भरली. बल्ब काढून वायर पक्की करा. प्लस-मायनस उलटं झालं तर कॅप फुगून फुटते, म्हणून खुणा दोनदा पाहा. बॅटरीजवळ, दीड फुटाच्या आत, मेन फ्यूज हवाच.

कॅप काढायची झाली तर आधी मेन फ्यूज काढा, मग तोच बल्ब कॅपच्या दोन टोकांना लावून ती रिकामी करा. पान्यानं शॉर्ट करू नका; पाना चिकटतो.