तासाला कडेला बसणाऱ्या मुलाला मैदानात कसे आणावे

पोट दुखते किंवा बूट आणले नाहीत, असे सांगून पी.टी.च्या तासाला कडेला बसणारे मूल धावण्याला घाबरते की सर्वांसमक्ष शेवटचे येण्याला, हे शिक्षकाने आधी शांतपणे तपासावे. दम्यासारखा खरा त्रास असेल, तर पालकांशी बोलावे. माझ्या मते मात्र बहुधा दुसरी भीतीच खरी असते आणि तिच्यावरचा उपाय तासाच्या आखणीत शोधावा लागतो.

सहाशे मीटर धावण्याची वेळ फळ्यावर क्रमाने न लावता ज्याची त्याच्या कार्डावर नोंदवावी आणि तुलना त्याच्याच मागील वेळेशी करावी. पुण्यातील मैदाने पावसाळ्यात निसरडी होतात. म्हणून जुलैची वेळ डिसेंबरच्या वेळेशी ताडून पाहू नये, नाहीतर मैदान सुकल्याचे श्रेय मुलाला मिळेल.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार ‘हे मला जमेल’ हा विश्वास स्वतः मिळवलेल्या यशातून, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते जमताना पाहण्यातून, इतरांनी दिलेल्या धीरातून आणि शरीराच्या अवस्थेचा आपण जो अर्थ लावतो त्यातून घडतो. यांपैकी स्वतःचे यश सर्वांत प्रभावी ठरते. ज्या खो-खोची नियमावली १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यात तयार झाली, त्याच खेळात हे आजमावता येते. सूर मारायला, म्हणजे पुढे झेपावून गडी बाद करायला, शिकवताना सुरुवात गुडघ्यांवर बसून, मऊ मातीत किंवा गादीवर करावी. मग उकिडवे बसून, त्यानंतर दोन पावले धावून, आणि शरीर न दचकता जमिनीवर येऊ लागले की मगच समोर पळणारा गडी उभा करावा. एखादी पायरी अडली तर मुलाला मागच्या पायरीवर नेण्यात कमीपणा मानू नये. प्रात्यक्षिक शाळेच्या संघातील तरबेज खेळाडूकडून करवून घेऊ नये, कारण त्याला पाहून ‘त्याला जमणारच’ एवढेच मनात येते. गेल्याच आठवड्यात शिकलेल्या मुलाला पुढे बोलवावे. सुरुवातीपूर्वी छाती धडधडते ती शरीर तयारी करत असल्यामुळे, हेही सांगावे.

गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत; कर्णधारांनी एकेक गडी निवडत जाणे आणि उरलेल्याने मान खाली घालून उभे राहणे ही पद्धत बंदच करावी. नुसत्या ‘शाब्बास’ऐवजी काय सुधारले ते नेमके सांगावे: ‘आज हात आधी टेकले, हनुवटी वर राहिली.’ चूक सांगायची असेल, तर ती मुलाच्या जवळ जाऊन, हळू आवाजात सांगावी. शिट्टी वाजवून सगळा वर्ग थांबवून नव्हे.