कौलारू घराला स्वयंपाकघर आणि पडवी जोडताना

संगमेश्वरकडचं आमचं घर जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं. मागे दहा फुटांचं स्वयंपाकघर हवं होतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, वासे तसेच पुढे ओढा. मी आधी कागदावर हिशेब मांडला. तीस अंशांचा उतार फुटामागे जवळपास सात इंच खाली येतो. मागची भिंत साडेनऊ फूट, म्हणजे दहा फुटांवर कौलं जमिनीपासून पावणेचार फुटांवर! उतार कमी करावा, तर कोकणच्या झडीत पाणी कौलांखाली उलटं शिरतं.

म्हणून स्वयंपाकघराला स्वतंत्र आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, दिलं आणि दोन्ही छपरांमध्ये तीन फुटांची बोळ ठेवली. बोळीवर उताराचा छोटा स्लॅब, त्यावर रुंद पत्र्याची पन्हळ. जुन्या घराची पागोळी त्यातच पडते. जुन्या भिंतीला हात लावावा लागला नाही, याचं मला फार समाधान आहे. झडीमुळे पश्चिमेला खिडकी ठेवली नाही, उजेड उत्तरेकडून घेतला. जांभा पाणी पितो, म्हणून वळचण अडीच फूट बाहेर काढली. आईच्या हट्टाने गॅसशेजारी चूलही राहिली, आणि ते योग्यच झालं.

पुढची पडवी सोपी. पाच फूटच रुंद, त्यामुळे तिथे वासे सरळ वाढवले आणि जमीन दोन पायऱ्या खाली घेतली; डोक्यावर साडेसात फूट मिळाले.

पन्हळीतला पालापाचोळा मात्र मृगाआधी काढायलाच हवा.