ताश्कंदमध्ये स्वस्त हॉटेलात उतरताय? या चुका टाळा

दिल्लीहून विमानाने ताश्कंद जेमतेम तीन तासांवर आहे. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, घड्याळ फक्त अर्धा तास मागे करावं लागतं. त्यामुळे टूर कंपनीचा नाद सोडून स्वतःच उझबेकिस्तानचा बेत आखणारी मराठी मंडळी आता बरीच दिसतात. न्याहारीसकट दोन-अडीच हजार रुपयांत खोली दिसली की बोट लगेच बुकिंगच्या बटणावर जातं. त्यात वावगं काही नाही. या शहरातली छोटी घरगुती हॉटेलं बहुतेक वेळा नीटनेटकी असतात आणि माणसंही अगत्याची असतात. मात्र लॉजबद्दलचे आपले इकडचे आडाखे तिथे चालत नाहीत. खालच्या बहुतेक अडचणी त्यातूनच येतात, आणि जवळपास सगळ्या पैसे भरायच्या आधीच टाळता येतात.

मध्यरात्रीचं विमान आणि चुकलेली तारीख

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. विमान १२ तारखेला पहाटे दीडला उतरणार, म्हणून बुकिंग १२ तारखेपासून केलं जातं. हॉटेलच्या हिशोबात १२ तारीख सुरू होते दुपारी दोनला. म्हणजे तुम्ही रात्री अडीचला दारात उभे, आणि तुमच्या खोलीत दुसरंच कुणीतरी घोरतंय. अशा वेळी बुकिंग ११ तारखेपासूनच करायचं. एका रात्रीचे पैसे जास्त जातात, पण लहान मुलं किंवा आई-वडील सोबत असतील तर काटकसर करायची जागा ही नव्हे.

याचीच दुसरी बाजू आहे. ११ चं बुकिंग केलंत, पण पहाटे येणार हे कळवलं नाहीत, तर संध्याकाळपर्यंत वाट बघून हॉटेलवाला तुम्हाला ‘आले नाहीत’ असं दाखवून मोकळा होतो. मग एक रात्रच नाही, अख्खं बुकिंगच जातं. त्यामुळे विमानाचा नंबर आणि उतरण्याची वेळ आदल्या दिवशी कळवा. उझबेकिस्तानात व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा टेलिग्रामचा वापर कितीतरी जास्त आहे. हॉटेलवाले तिथे लगेच उत्तर देतात. टेलिग्राम आणि टॅक्सीसाठी यांडेक्स गो ही दोन्ही अ‍ॅप्स भारतात असतानाच चालू करून ठेवा. दोन्हींना ओटीपी लागतो, आणि तिथे पोचल्यावर आपलं भारतीय सिम मुकं झालेलं असतं.

तारीख चुकलीच असेल तर भांडून उपयोग नाही. खोली रिकामी असेल तर अर्ध्या भाड्यात लवकर द्याल का, असं विचारा. छोट्या ठिकाणी बहुधा ऐकतात. नसेलच तर सामान तिथे ठेवून सकाळी सरळ चोरसू बाजार गाठा. निळ्या घुमटाखालचा तो बाजार लवकर जागा होतो, आणि तंदूरमधून नुकत्याच निघालेल्या गरम नानवर तुमची सकाळ निघून जाते.

पत्ता म्हणजे नुसता पत्ता नव्हे

बुकिंगवरचा पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवायचा आणि निवांत बसायचं, हे ताश्कंदमध्ये अर्धंच चालतं. स्वतंत्र झाल्यावर इथल्या कितीतरी रस्त्यांची सोव्हिएत काळातली नावं बदलली, काहींची तर एकाहून जास्त वेळा. त्यामुळे शहर चालतं ते खुणेवर. तिथे त्याला ‘ओरिएंतिर’ म्हणतात: अमुक मेट्रोजवळ, तमुक शाळेच्या मागे. आपल्याकडे ‘मारुतीच्या देवळापासून डावीकडे’ सांगतात, तसंच. हॉटेलला टेलिग्रामवर आधीच विचारा की तुमचं ओरिएंतिर काय. उत्तर रशियन किंवा उझबेकमध्ये आलं तरी बिघडत नाही, तेच चालकाला दाखवा.

जुन्या शहरातली स्वस्त गेस्टहाउसेस महल्ल्यांच्या आत असतात. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना मातीच्या रंगाच्या सलग भिंती आणि मध्ये एक साधा लाकडी दरवाजा. पाटी असलीच तर हातभर. आत गेलं की द्राक्षाच्या मांडवाखाली अंगण, चहाला बसायची चौरंगासारखी मोठी बैठक आणि चारी बाजूंनी खोल्या. बाहेरून बघणाऱ्याला याचा पत्ताच लागत नाही. त्यामुळे पुष्कळ लोक दारासमोरून दोनदा जातात आणि हॉटेल बनावट निघालं म्हणून घाबरतात. तसं नसतं. दाराच्या बाजूची घंटा शोधा आणि वाजवा. नकाशासाठी गुगलपेक्षा यांडेक्स मॅप्स किंवा टू-जीआयएस या गल्ल्यांत जास्त कामाला येतं.

जागा निवडताना ‘केंद्रापासून किती किलोमीटर’ हा आकडा बघू नका. शहर लांबरुंद आहे, रस्ते रुंद आहेत, आणि उन्हात दोन किलोमीटर चालणं जिवावर येतं. मेट्रोचं स्टेशन चालत दहा मिनिटांच्या आत आहे का, एवढं बघा. १९७७ साली सुरू झालेली ही मेट्रो स्वस्त आहे आणि दिसायलाही देखणी. पूर्वी आत फोटो काढायला बंदी होती, ती २०१८ मध्ये उठली. मात्र मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, त्यामुळे रात्रीच्या विमानाला तिच्या भरवशावर राहू नका. विमानतळाच्या दारात ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जे घोळक्याने येतात ते अ‍ॅपच्या कित्येक पट भाडं सांगतात. न बोलता बाहेर पडा आणि अ‍ॅपवरूनच गाडी बोलवा. विमानतळ शहरातच आहे, भाडं फारसं होत नाही.

नोंदणीची पावती

परदेशी पाहुण्याची नोंद सरकारच्या ई-मेहमोन प्रणालीत करणं हॉटेलवर बंधनकारक आहे. त्यासाठी रिसेप्शनवर पासपोर्ट मागतात. द्यायला हरकत नाही, पण स्कॅन होताच परत घ्या. ‘जाताना देतो’ हे मान्य करू नका. रात्री उशिरा आलात तर पेंगुळलेला मुलगा पासपोर्ट खणात टाकून झोपायला जातो आणि सकाळी ड्यूटी बदलते. मग शोधाशोध सुरू.

अनेकांची चूक अशी की नोंद झाली का हे विचारतच नाहीत. निघताना नोंदणीचा कागद मागा. छापील नसेल तर स्क्रीनचा फोटो चालेल. अगदीच स्वस्त जागा, किंवा ‘बुकिंग रद्द करा, रोख द्या, कमी करून देतो’ असं सांगणारा मालक यांच्याकडे ही नोंद हमखास राहते. वाचलेले दोन-तीनशे रुपये नोंद नसल्याच्या दंडापुढे काहीच नाहीत. अपार्टमेंट भाड्याने घेतलं असेल तर नोंद करण्याची जबाबदारी घरमालकाची असते, आणि ती तो करेल का हे पैसे देण्याआधी विचारायचं. मध्ये एखादी रात्र रेल्वेत गेली असेल तर ते तिकीटही देश सोडेपर्यंत टाकू नका.

जाता जाता एक गंमत. तिथल्या फॉर्मवर वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असतो. तो कसा भरायचा म्हणून जगभरचे प्रवासी डोकं खाजवत बसतात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सवय असलेल्या मराठी माणसाला तो फॉर्म घरचाच वाटतो. बुकिंगवर मात्र स्पेलिंग पासपोर्टबरहुकूमच ठेवा.

पैसे: दर डॉलरमध्ये, वसुली सोममध्ये

साइटवर दिसणारा दर बऱ्याचदा डॉलरमध्ये असतो, पण हॉटेलचं बिल स्थानिक चलनात, सोममध्ये होतं. कोणत्या दराने बदल करणार हे आधी विचारा. शिवाय माणशी दर रात्रीचा पर्यटन कर कित्येकदा वेगळा लावतात. ती लबाडी नसते, बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरांत तो लिहिलेला असतो. चौघांचं कुटुंब पाच रात्री राहिलं की तो जाणवण्याइतका होतो.

मोठ्या हॉटेलांत व्हिसा आणि मास्टरकार्ड चालतात. घरगुती जागी मशीन असेलच असं नाही, असलं तर नेमकं त्या दिवशी नेट नसतं. थोडे डॉलर जवळ असू द्या, पण नोटा नव्या आणि कोऱ्या हव्यात. शाईची खूण, बारीकशी फाट किंवा जुनी मालिका असली की समोरचा माणूस नोट उजेडात धरून बघतो आणि मान हलवून परत करतो. डॉलर बदलण्यासाठी बँक किंवा अधिकृत काउंटरच बरं. २०१७ मध्ये सरकारने विनिमय दर मोकळा केल्यापासून काळ्या बाजारात जाण्यात काही मतलब उरलेला नाही. रुपये घेऊन जाऊ नका. सोमच्या नोटांवरची शून्यं बघून पहिल्या दिवशी सगळेच गोंधळतात, पन्नास हजार आणि पाच हजार नीट वाचूनच द्या.

खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

दारात सामान ठेवा आणि ‘आधी खोली दाखवा’ म्हणा. तिथे यात कुणाला अपमान वाटत नाही. बघायचं काय, तर पहिली गोष्ट खिडकी. सर्वांत स्वस्त खोली बऱ्याचदा अर्धतळघरात असते, जिथे खिडकी असली तर छताजवळ फूटभर आणि तिच्यातून रस्त्यावरची पावलं दिसतात. उन्हाळ्यात ती थंड असते हे खरं, पण सिगारेटचा वास आणि ओल तिथून हलत नाही. वरच्या मजल्यावर जागा आहे का विचारा. थोडे जास्त देऊन बहुतेक वेळा मिळते.

दुसरी गोष्ट ऋतू. २५ जूनपासून सुमारे चाळीस दिवसांच्या उकाड्याला तिथे ‘चिल्ला’ म्हणतात. पारा चाळिशी गाठतो, त्यामुळे एसी नुसता भिंतीवर आहे की चालतो, हे समोर चालू करून बघा. हिवाळ्यात उलट. जानेवारी २०२३ मध्ये थंडीने कहर केला तेव्हा ताश्कंदमध्ये गॅस आणि विजेचीही टंचाई झाली होती. थंडीत जाणार असाल तर खोली कशावर गरम होते हे विचारून घ्या.

तिसरी गोष्ट गरम पाणी. शहराच्या मोठ्या भागाला गरम पाणी मध्यवर्ती केंद्रातून नळाने येतं आणि उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी ते काही दिवस बंद ठेवतात. हॉटेलचा स्वतःचा बॉयलर असेल तर प्रश्न नाही. पण टाकी छोटी असेल तर एकाची आंघोळ झाली की दुसऱ्याला थांबावं लागतं. गरम पाणी ‘येत नाही’ अशी तक्रार करण्याआधी भिंतीवरच्या बॉयलरचा दिवा लागलाय का ते बघा.

बाथरूममध्ये बादली-मग शोधू नका, नसतो. जेटही सगळीकडे नसतो, एखादी प्लास्टिकची बाटली हाताशी ठेवा. काही ठिकाणी शॉवरच्या चौकटीबाहेर जमिनीला उतार नसतो, पाणी जायला भोक नसतं. आपल्या सवयीने भसाभस पाणी ओतलं तर ते पलंगाखाली पोचतं आणि गालिचा भिजतो. गालिच्याचे पैसे मागितले तर तो त्यांचा हक्कच. कमोडशेजारी कचऱ्याची छोटी टोपली असेल तर कागद तिच्यातच टाकायचा, जुन्या नळ्या तुंबतात.

नळाचं पाणी पिऊ नका. बाटली घेताना मात्र निम्मे लोक बुडबुड्यांचं पाणी आणतात. झाकणाच्या रंगावर जाऊ नका, दुकानदाराला ‘बेझ गाझा’ म्हणा, साधं पाणी मिळतं. प्लगची अडचण फारशी नाही. दोन गोल पिनांचे चार्जर बसतात, आपल्या तीन पिनांसाठी अ‍ॅडॉप्टर लागतो.

न्याहारी आणि शाकाहारी माणूस

‘न्याहारी मोफत’ वाचून इडली-पोह्यांची नाही तरी टोस्ट-कॉर्नफ्लेक्सची अपेक्षा असते. समोर येतं ते असं: मधोमध ठसा उठवलेला गोल नान, कायमाक म्हणजे दाट साय, जॅम, काकडी-टोमॅटो, उकडलेली किंवा तळलेली अंडी, सॉसेजच्या चकत्या आणि बिनदुधाचा हिरवा चहा. नान, साय आणि जॅम यांवर माझी तरी काही तक्रार नाही. शाकाहारी असाल तर सॉसेज कशाचं हे विचारत बसू नका, ते मांसच असतं, आणि बहुधा गोमांस. आदल्या रात्री ‘गोश्तसिझ’, म्हणजे मांस नको, असं सांगून ठेवलं की अंडी किंवा चीज वाढवून देतात. अंडीही नको असतील तर तेही वेगळं सांगा, कारण तिथे अंडं शाकाहारातच मोडतं. पुलावातलं मांस बाजूला काढून तो शाकाहारी होत नाही, भात मांसासोबतच शिजलेला असतो.

भडंग, मेतकूट, झटपट उपमा खुशाल न्या, खोलीतल्या किटलीत पाणी उकळतंच. पण इंडक्शन शेगडी आणि कुकर काढू नका. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो, नाहीतर मजल्याचा फ्यूज उडतो. कित्येक गेस्टहाउसमध्ये सगळ्यांसाठी स्वयंपाकघर असतं, रीतसर विचारलं तर बाई स्वतःच गॅस पेटवून देतात.

समरकंदच्या गाडीचा दिवस

समरकंदला जाणारी वेगवान रेल्वे, अफ्रोसियोब, सकाळी लवकर पकडायची असते आणि न्याहारी आठला सुरू होते. आदल्या रात्री सांगा, नान-चीज-अंडी बांधून देतात. तिकिटं फार आधी संपतात, हॉटेलवाल्याच्या भरवशावर ठेवू नका. शहरात मोठी स्थानकं दोन आहेत, उत्तरेचं आणि दक्षिणेचं. टॅक्सीत नुसतं ‘रेल्वे स्टेशन’ म्हणू नका, तिकिटावरचं नाव दाखवा. परत ताश्कंदलाच येणार असाल तर मोठ्या बॅगा त्याच हॉटेलात ठेवता येतात. बहुतेक जण त्याचे पैसे घेत नाहीत. पासपोर्ट, डॉलर आणि औषधं तेवढी सोबत न्या.